शास्त्रीय गायक, नाट्यपद आणि मराठी अक्षर

शास्त्रीय गायक नाटकातील पदांकडे का वळतो, या प्रश्नाला आजवर जी उत्तरे दिली गेली ती प्रायः दोन प्रकारची आहेत. पहिले उत्तर अर्थकारणाचे आहे. दरबारांचा आश्रय आटला, नाटकमंडळ्यांचा उत्कर्ष झाला आणि पोटासाठी गवई रंगभूमीवर आला, असे ते सांगते. दुसरे उत्तर रुचीचे आहे. ख्यालाची कठीण वाट सोडून गवयाने लोकप्रियतेचा सोपा मार्ग धरला, असे ते मानते. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु दोहोंनाही एका गोष्टीचा उलगडा करता येत नाही. नाटकमंडळ्यांचा काळ सरल्यानंतर, द्रव्याची वा कीर्तीची कोणतीही निकड नसताना, अव्वल दर्जाचे गायक नाट्यपदे प्रेमाने गात राहिले. कुमार गंधर्वांनी १९६५ साली ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सिद्ध केला तो पोटासाठी नव्हे. आणि ज्या गायकाने ख्यालात स्वतःची स्वतंत्र वाट पाडली त्याला सोप्या मार्गाचा मोह पडला, असे म्हणणेही शक्य नाही. या ओढीचे मूळ भाषेत शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ख्यालाच्या बंदिशी बहुतांशी व्रज भाषेत आणि तिच्या आसपासच्या हिंदी बोलींत आहेत. मराठी गायक त्या भाषेत विचार करीत नाही, भांडत नाही, की रडतही नाही. गुरुमुखातून आलेले शब्द तो निष्ठेने उच्चारतो. परंतु त्या शब्दांशी त्याचे नाते उपासकाचे असते, बोलणाऱ्याचे नसते. नाट्यपदाने त्याच्यापुढे प्रथमच अशी रचना ठेवली की, जीमध्ये राग तोच, ताल तोच, पण शब्द मात्र घरच्या बोलण्यातला. हे जितके आकर्षक तितकेच अडचणीचे होते. कारण परभाषेतील शब्द गाताना मोडला तरी श्रोत्याला त्याची खंत वाटत नाही. स्वभाषेतील शब्द मोडला की तो तत्काळ कानाला बोचतो. ही अडचण कोणी कशी सोडविली, हाच नाट्यपदगायनाच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय.

या प्रश्नाकडे धाराशिव जिल्ह्यातून पाहिल्यास त्याची एक बाजू अधिक स्पष्ट होते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. संगीत रंगभूमीचा इतिहास पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर, हुबळी आणि गोवे यांच्या आधाराने लिहिला जातो. त्यात या जिल्ह्याचे नाव क्वचितच येते. ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन २०१७ च्या एप्रिलमध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले, ही गोष्ट अगदी अलीकडची. पण मराठी शब्द सुरात कसा ठेवावा, याचे जे ज्ञान रंगभूमीला पुढे आवश्यक ठरले ते या भूमीत फार पूर्वीपासून नांदत होते. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ आणि तेरच्या गोरोबाकाकांचा अभंग ही त्याची दोन ठळक रूपे होत.

गोंधळात संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने नायक देवतांना आवाहन करतो आणि नंतर आख्यान लावतो. तुळजाभवानीचे उपासक कदमराई गोंधळी या परंपरेचे वाहक आहेत. रात्रभर चालणाऱ्या या विधीत समोरचा श्रोता शब्द ऐकावयास बसलेला असतो. कथा कळली नाही तर गोंधळ फसला. म्हणून येथे वाद्याचा आघात अक्षराला झाकीत नाही, तर उचलून धरतो. अभंगाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. हा छंद लघुगुरू पाहत नाही, मात्राही मोजत नाही. तो केवळ अक्षरे मोजतो, आणि त्याच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर समान वजनाचे असते.

आता मराठीच्या उच्चाराकडे वळावे. बोलण्यात शब्दाच्या अंती असलेला ‘अ’ लोपतो. ‘कुंभार’ हा शब्द आपण दोन अवयवांत उच्चारतो: कुं-भार्. शब्दाच्या मध्येही तसेच होते. ‘मडके’ हे लिहिण्यात तीन अक्षरी, बोलण्यात मात्र मड्-के असे दोन अवयवांचे आहे. अभंग या लोपलेल्या स्वराला पुन्हा जागा देतो. त्याच्या मोजणीत ‘कुंभार’ तीन अक्षरांचा आणि ‘मडके’ही तीन अक्षरांचे. म्हणजे अभंग हा बोलीतला शब्द घेतो, पण त्याची जुनी, पूर्ण, स्वरान्त आकृती त्याला परत करतो. गायकाला हवे असते ते हेच. व्यंजनावर सूर थांबत नाही, स्वरावर थांबतो. तेरणेकाठच्या मंदिरात टाळकरी जेव्हा चरणाचे शेवटचे अक्षर लांबवितात, तेव्हा ते मराठीच्या उच्चारेतिहासातील एक जुनी अवस्था नकळत जिवंत ठेवीत असतात.

रंगभूमीवर आरंभी हेच ज्ञान कामास आले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये. त्यांच्या पदांच्या चाली साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तनातील पदे आणि कर्नाटकी गीते यांवर आधारलेल्या होत्या. या चालींत शब्द आधी आणि सूर त्याच्या आश्रयाने, अशी व्यवस्था असे. पद हे बहुधा संवादाचेच एक अंग होते. ते थोडक्यात गायिले जाई आणि संवाद पुढे चालू होई.

पुढील पिढीत ही व्यवस्था उलटली. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी. भास्करबुवा (१८६९-१९२२) बालवयात किर्लोस्कर मंडळीतच गात होते. आवाज फुटल्यावर त्यांनी नाटक सोडले आणि फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्याकडून विद्या मिळविली. ही विद्या घेऊन ते पुन्हा रंगभूमीकडे वळले तेव्हा ‘स्वयंवरा’त भीमपलास, भूप, यमन, बिहाग यांसारखे राग आपल्या बंदिशींसह आले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना आयत्या बंदिशीच्या साच्यात मराठी शब्द बसवावे लागले. साचा व्रज भाषेच्या मापाने घडलेला. त्यात मराठी ओतावयाची. खाडिलकरांच्या पदरचनेवर क्लिष्टतेचा आणि अनैसर्गिक शब्दक्रमाचा आरोप वारंवार झाला आहे. तो खोटा नाही. परंतु त्यामागील कारण कवीच्या असमर्थतेत जितके आहे त्याहून अधिक या दोन भाषांच्या घडणीतील भेदात आहे. हा भेद चार ठिकाणी विशेष जाणवतो.

पहिले स्थान अंत्य स्वराचे. ताना प्रायः आकारात घेतल्या जातात. व्रज भाषेत शब्दान्तीचा स्वर ‘आ’ असा लांबविला तरी अर्थाला फारशी बाधा येत नाही. मराठीत मात्र ‘देव’चा ‘देवा’ केला की विभक्ती बदलते. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते त्यालाच हाक मारल्यासारखे होते. ‘मन’चे ‘मना’ होताच विधानाचे संबोधन होते. म्हणजे गायकाची एक तान व्याकरणात ढवळाढवळ करते. जाणता गायक तान संपवून मूळ शब्द पुन्हा एकदा स्वच्छ उच्चारतो आणि मगच समेवर येतो. ही केवळ शिष्टता नव्हे. विस्कटलेले व्याकरण पूर्ववत करण्याची ती क्रिया होय.

दुसरे स्थान व्यंजनांचे. व्रजमध्ये ‘ळ’ नाही, ‘ण’ बहुधा ‘न’मध्ये विलीन झालेला आहे, आणि दन्त्य ‘च’, ‘ज’, ‘झ’ तेथे नाहीत. मराठीत ‘काळ’ आणि ‘काल’ हे भिन्न शब्द आहेत. ‘जग’ हा शब्द तालव्य उच्चारला तर विश्व, दन्त्य उच्चारला तर जगण्याची आज्ञा. वर्षानुवर्षे व्रज बंदिशींवर घोटलेली जीभ मराठी पदातही नकळत हिंदीकडे झुकते, आणि श्रोत्याला शब्द ओळखीचा असूनही परका वाटू लागतो.

तिसरे स्थान वाक्यरचनेचे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही मागून येतो. बंदिशीचा मुखडा मात्र ओळीचा पूर्वार्ध असतो आणि गायक पुनःपुन्हा त्यावरच येतो. ‘मी येणार नाही’ हे वाक्य अशा साच्यात बसविले आणि मुखडा ‘मी येणार’ येथे तुटला, तर नायिका नकार देत असताना दहा वेळा होकार देते. म्हणून पदकर्त्याला क्रियापद पुढे आणावे लागते, किंवा मुखड्यातच स्वयंपूर्ण विधान बसवावे लागते. ज्या पदांना दीर्घायुष्य लाभले त्यांचे मुखडे तपासले असता ते बहुधा अर्थदृष्ट्या पूर्ण आढळतात. हे रागाच्या मोहकतेइतकेच महत्त्वाचे कारण आहे.

चौथे स्थान समेचे. सम ज्या अक्षरावर पडते ते अक्षर कानाला वाक्याचे मर्म वाटते. प्रत्ययावर वा शब्दयोगी अव्ययावर सम पडली की वाक्याचा तोल ढळतो. बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) गाण्याचे जे अलौकिकत्व सांगितले जाते त्याचा एक अंश येथे आहे. लयीला किंचित मागेपुढे करून ते वजन योग्य शब्दाकडे नेत. साचा परका असला तरी बोलणे त्यांचे स्वतःचे राही. भास्करबुवांचा शिष्य आणि भूमिका जगणारा नट, ही दोन्ही नाती एकाच कंठात असल्यामुळेच हे साधले. उलट, ज्यांनी पदाला केवळ रागविस्ताराचे निमित्त मानले त्यांच्या हाती नाटकही राहिले नाही आणि ख्यालही पुरता आला नाही. ‘वन्स मोअर’च्या पायी नाट्य बुडाले ही तक्रार अशा गायनापुरती रास्त आहे, सर्व शास्त्रीय गायकांवर ती लादणे अन्यायाचे होईल.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. स्वभाषेची ओढ हेच जर कारण असेल तर कन्नडभाषक गायकांचे काय? सवाई गंधर्व (१८८६-१९५२) कुंदगोळचे. भीमसेन जोशी (१९२२-२०११) गदगचे. या दोघांनीही मराठी पदे आणि अभंग जिव्हाळ्याने गायिले. भीमसेनांच्या ‘अभंगवाणी’ने तर संतवाणी ख्यालगायकाच्या मैफलीतून घरोघर नेली. या आक्षेपाने प्रतिपादन बाधित होत नाही. उलट अधिक नेमके होते. कन्नड भाषेत ‘ळ’ आणि ‘ण’ आहेतच. शिवाय तिचे शब्द सामान्यतः स्वरान्त असतात. मराठी माणूस बोलताना जो अंत्य स्वर गिळतो तो उच्चारण्याची कन्नडभाषकाच्या जिभेला जन्मजात सवय असते. अभंगाला जे पूर्ण अक्षर हवे असते ते त्याच्याकडे सहज असते. तेव्हा येथे प्रश्न जन्मभाषेपुरता नाही. गायकाला अशी भाषा हवी असते की जी त्याच्या उच्चारयंत्राला परकी नाही आणि जी त्याचा श्रोता नित्य बोलतो. उमरगा आणि नळदुर्ग या भागात, जेथे मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात, आणि तुळजापुरात, जेथे कर्नाटकातून भाविकांची रीघ लागते, हे साहचर्य नवे नाही. किर्लोस्करांनी कर्नाटकी चाली मराठीत इतक्या सुखाने बसविल्या त्याचेही एक कारण हेच असावे.

पाश्चात्त्य संगीताशी तुलना केल्यास या प्रश्नाचे व्यापक रूप ध्यानात येते. सुमारे १६०० साली इटलीत ऑपेराचा उदय झाला तो शब्द स्पष्ट ऐकू यावा या आग्रहातून. पुढे कंठकौशल्याने शब्दावर मात केली, आणि शब्द श्रेष्ठ की सूर, हा वाद तेथे इतका मुरला की १७८६ मध्ये सालिएरीने त्यावरच एक विनोदी ऑपेरा रचला आणि १९४२ मध्ये रिचर्ड श्ट्राउसने पुन्हा तोच विषय घेतला. ऑपेरातील गायकाला अनेकदा परभाषेत गावे लागते आणि तिचे उच्चार स्वतंत्रपणे शिकावे लागतात. म्हणूनच की काय, मोठे गायक आपल्या भाषेतील भावकवितेच्या गीतांकडे वळलेले दिसतात. सहाशेहून अधिक गीते रचणाऱ्या शूबर्टची गीते डीट्रिख फिशर-डीस्काऊ (१९२५-२०१२) या जर्मन गायकाने ऑपेरा गाजवीत असतानाच आयुष्यभर जपली. मात्र एक भेद विसरता कामा नये. तेथे रचनाकार शब्द पाहून सूर लिहितो आणि गायकाने त्यापासून ढळावयाचे नसते. नाट्यपदात पुष्कळदा सूर आधी, शब्द नंतर, आणि दोहोंचा मेळ रोज रात्री गायकाने नव्याने घालावयाचा. मराठी गायकाची जबाबदारी म्हणून अधिक जड आहे. रचनाकाराचा दोषही त्याच्याच माथी येतो.

ही जबाबदारी ओळखून रचनेच्या पातळीवरच तिचे निराकरण करण्याचा मोठा प्रयत्न जितेंद्र अभिषेकी (१९२९-१९९८) यांनी केला. त्यांचे वडील मंगेशीचे कीर्तनकार. म्हणजे शब्दाची पहिली दीक्षा कीर्तनाची. पुढे जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेनखाँ आदींकडून त्यांनी ख्यालाची तालीम घेतली. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यपदाचा आकार आटोपशीर केला, तानांचा पसारा आवरला आणि आयत्या बंदिशीच्या साच्याऐवजी शब्दाच्या वजनावरून चाल उभी करण्याकडे कल ठेवला. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकात तर भाषाभेद हाच नाट्याचा भाग झाला. पंडित भानुशंकरांच्या घराण्याचे मराठी आणि खाँसाहेबांच्या मुखातील हिंदी-उर्दूचे वळण यांतून दोन गायकींचा विरोध उभा राहतो. खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांनी (१९२०-१९८३) दोन्ही उच्चारपद्धतींवरील आपली हुकमत तेथे पणाला लावली. ज्या प्रदेशात मराठी आणि दखनी शतकानुशतके एकाच बाजारात बोलल्या गेल्या, तेथील श्रोत्याला या भेदाची खूण वेगळी पटवावी लागत नाही.

परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण उदाहरण अशोकजी परांजपे यांच्या ‘संत गोरा कुंभार’ या नाटकाचे आहे. त्याचे संगीत अभिषेकींचेच. येथे ख्यालाचा गायक तेरच्या कुंभाराकडे आला. म्हणजे मराठी गायनाचा प्रवाह आपल्या एका उगमापाशी परतला. या नाटकातील, प्रकाश घांग्रेकरांनी गायिलेले पंढरपूरच्या गजराचे पद रंगभूमीबाहेर पडून भजनी मंडळांत रूढ झाले. त्याची रचना पाहावी: मुखडा हे स्वतःपुरते पूर्ण वाक्य आहे, आणि क्रियापद कर्त्याच्या आधी आलेले आहे. वर सांगितलेली तिसरी अडचण येथे शब्दरचनेनेच सुटली आहे. त्यामुळे गायकाने मुखडा कितीदाही घोळविला तरी अर्थ तुटत नाही. प्रत्येक आवर्तनात तो दृढच होतो. शास्त्रीय गायकाने बांधलेले पद टाळकऱ्याच्या तोंडी सहज बसते, तेव्हा ते मराठीच्या प्रकृतीला उतरले असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

मात्र या यशाला एक मर्यादाही आहे. नाटकातून सुटून मैफलीत आलेले पद पुन्हा ख्यालाच्या अंगाने फुगविले जाते, असा अनुभव आहे. प्रसंग गेला, पात्र गेले, आणि मग उरलेल्या शब्दांची पर्वा करण्याचे प्रयोजनही जाते. अभिषेकींची संयत रचनासुद्धा या रोगापासून मुक्त राहिलेली नाही. दोष रागविस्ताराचा नव्हे. कोणत्या अक्षरावर विस्तार करावयाचा, याचा विवेक सुटणे हा दोष होय.

हा विवेक शिकविणार कोण, हा विद्यापीठीय अभ्यासापुढील प्रश्न आहे. मराठीचा अभ्यासक पदाला काव्य म्हणून हलके लेखतो आणि सोडून देतो. संगीताचा अभ्यासक त्यातील रागाची नोंद करतो आणि शब्द सोडून देतो. पद मात्र या दोहोंच्या सांध्यावरच उभे असते. ज्या जिल्ह्यात गोंधळी आणि टाळकरी आजही अक्षर सुरात ठेवण्याची विद्या बाळगून आहेत, तेथील विद्यार्थ्याला या अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एकाच अभंगाचे तेरच्या भजनातील गायन आणि ख्यालगायकाच्या ध्वनिमुद्रिकेतील गायन शेजारी ठेवावे. अंत्य ‘अ’ कोठे उच्चारला, कोठे ‘आ’ झाला, सम कोणत्या अक्षरावर आली, श्वास शब्दाच्या मध्ये तुटला की शेवटी, हे टिपावे. एवढ्या नोंदींवरूनही आवडीनिवडीच्या वादापलीकडचे काही हाती लागेल.

संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कच्चे कोण आणि पक्के कोण ते सांगितले, अशी कथा आहे. कुंभार मडक्याची पारख डोळ्यांनी करीत नाही, नादावरून करतो. नाट्यपद गाणाऱ्या शास्त्रीय गायकाचीही पारख अशीच करावी लागेल. राग शुद्ध होता का, तान दाणेदार होती का, हे प्रश्न आहेतच. परंतु गाणे संपल्यावर मराठी वाक्य श्रोत्याच्या कानात अखंड उरले का, हा प्रश्न त्यांच्याइतकाच शास्त्राचा आहे. जेथे ते उरले तेथे गायकाची नाट्यपदाविषयीची ओढ ही शास्त्रापासूनची पळवाट नव्हती, हे मान्य करावे लागते.